डोळे चांगले आहेत

टिळकवाडीच्या डॉक्टरांनी तीनदा लिहून दिलं,
डोळे चांगले आहेत.
तरी अप्पा कप ठेवतात
टेबल संपतं तिथून पुढे.

दोष मागं, मेंदूत, म्हणाली
धारवाडहून आलेली अन्नपूर्णा.
आजाराचं लांबलचक नाव सांगितलं,
पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली,
अप्पांच्या खिशाला बोलणारा कॅमेरा.

दार, म्हणाला तो. खुर्ची.
आईला म्हणाला, व्यक्ती.
आई दिवसभर फणकारत होती.

मग वडगावची ती मागची खोली,
अर्धी साडी अंगावर घेऊन
थांबलेला माग.
कॅमेरा जरा अडखळला.
खाट, म्हणाला.

अप्पांच्या बोटांनी
तुटका धागा हुडकला, गाठ मारली.
कितीतरी दिवसांनी हसले:
"ह्येचे बी डोळे
चांगलेच असतील की.
बस म्हण ह्येला जरा."