बॅटरी हलवू नकोस

आधी त्यांनी किल्ली लपवली.
मग लक्षात आलं, या जावाची किल्ली म्हणजे
नुसता एक खिळा.
सुशित्से गावातल्या कुठल्याही सुताराच्या खिशात
असल्या पन्नास किल्ल्या.

म्हणून एका रात्रीत बाबांनी गाडीच उकलली.
ऑगस्ट होता, अडुसष्ट साल.
पुलावर परके रणगाडे,
आणि सरहद्द अर्ध्या टाकीवर.
ल्युबोर एकोणीसचा, वर झोपलेला.
मी नऊ वर्षांची, खाली, हातात बॅटरी.
"हलवू नकोस," एवढंच बोलले रात्रभर.

कार्ब्युरेटर पिठाच्या पिंपात गेला.
पिस्टन लोकरीच्या गुंड्यांत.
साखळी सशांच्या खुराड्याखाली,
आणि बाकीचं कुठं कुठं, ते मलाही दिसू दिलं नाही.
मी फक्त हात पाहत होते.
सगळे नट डावीकडे फिरत होते
आणि एक,
गोल तबकड्यांच्या मधला,
बाबांनी दात खाऊन उजवीकडे फिरवला.

सकाळी ल्युबोरनं सांगाडा पाहिला.
कॉफी प्यायला.
कप विसळून पालथा घातला
आणि पायी निघून गेला.

बाबा पुढं सव्वीस वर्षं जगले,
गाडीबद्दल चकार शब्द नाही.
ते गेले तेव्हा मी विनिपेगला पत्र लिहिलं:
दादा, तुला म्हणून सांगते,
त्या रात्री एकदा त्यांचं मन पालटलं होतं.
सगळं सोडता सोडता एक नट त्यांनी परत आवळला.
मी पाहिलंय.
उत्तर तीन महिन्यांनी आलं, एका ओळीचं:
कोणता नट?

घर आपलं सावकाश एकेक भाग परत देत राहिलं.
छत शाकारताना मॅग्नेट सापडलं,
आईचा पलंग हलवला तेव्हा क्लचच्या तबकड्या,
वर्तमानपत्रात, तेल लावून, नीट.
फेकायचं असतं तर त्यांनी तेल लावलं असतं का?

माझी नोकरी काडेपेटीच्या कारखान्यात गेली.
बारीक वस्तू बोटांना कळतात,
इंजिन मात्र पुस्तकातून शिकले
आणि शेजारच्या क्विडोकडून,
जो मदत कमी करतो
आणि आलुबुखाऱ्याची दारू जास्त आणतो.
दोन हिवाळे गॅरेजात गेले.
रॉकेलनं नखं काळी ती काळीच.
टाकीला तोच लाल रंग द्यायचा होता,
जमला नाही, जरा विटकरी आला.

काल तो नट बसवायला घेतला.
ओळखलाच मी त्याला.
उजवीकडे फिरवला. धरेना.
पुन्हा फिरवला. घसरून हातात.
क्विडो स्टुलावरून म्हणाला,
अगं वेंदुला, याचे आटे उलटे असतात.
आवळायचा डावीकडे.
सोडवायचा
उजवीकडे.

डावीकडे फिरवला.
लोण्यात सुरी जावी तसा बसला.
क्विडो घरी गेला तरी
मी पाना धरून उभीच.

आज दुपारी पेट्रोलमध्ये तेल मिसळलं, पंचविसास एक.
या गाडीला किकची आणि गिअरची दांडी एकच,
आत दाबून मागं घ्यायची.
माझा गुडघा साठीपलीकडचा,
अकराव्या लाथेला ती खोकली,
तेराव्याला बोलली.
निळा धूर कौलांपर्यंत.
ससे खुराड्याच्या कोपऱ्यात एकावर एक.

ल्युबोरला फोन लावला, तिकडं पहाट.
फोन सायलेन्सरजवळ धरून ठेवला,
हात कापायला लागेपर्यंत.
मग कानाला लावला.
पलीकडं बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हातारा, झोपेतला आवाज:
"तो नट, वेंदुला. कोणता होता गं?"

धूर फार झालाय, मी ओरडले,
काही ऐकू येत नाही,
आणि मूठ पिळली.