क्रमांक चारशे सतरा

पडद्यावर नदी उठून बसली,
केस पिळले तिने,
आणि पाण्यातून शंभरेक बेडूक
हातात दिवे घेऊन चालू लागले.
मनवाने माझ्या मनगटात नखं रुतवली.
पॉपकॉर्न मांडीवर तसेच, गार.

मी उद्यान खात्यातला माणूस.
झाडांना नंबर टाकतो: पत्रा, खिळा, हातोडी.
डोंगराने डोळा उघडला तेव्हा
उगाचच चष्मा काढून पुसला.
तिकीट तिच्यासाठी काढलं होतं, खरं तर.

बाहेर पावणेबारा. नोव्हेंबर.
स्कूटरच्या सीटवर दव.
गंगापूर रोडला भर रस्त्यात तो वड,
बुंध्याला लाल-पांढरे पट्टे, रिफ्लेक्टर;
गाड्या दोन्ही अंगांनी वळसा घेतात.
"बाबा, हळू," पाठीशी कुजबुज,
"त्याचा आत्ताच डोळा लागलाय."

चारशे सतरा. खिळा माझाच.
हॉर्नवरचा अंगठा काढला.
इंजिन बंद केलं, उतरलो,
आणि तिला सीटवर तशीच ठेवून
स्कूटर ढकलत नेली
पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत.

मागून द्राक्षांच्या क्रेटांचा टेम्पो आला,
आमच्या नावाने शिवी हासडून गेला.
मनवाने त्यालाही
ओठांवर बोट ठेवून दाखवलं.