चोवीस तासांनंतर

जागनाथ बुधवारीत उकेबाईंच्या कूलरमध्ये
टॉर्च मारून मी वाकले, तेव्हा त्या म्हणाल्या,
"औषधाची सवय झाली बाप्पा डासायले.
आधी मरत होते. आता शिकले."

सेहेचाळीस डिग्रीत कोण कुणाला समजावणार.
मी खस सारली, पळीभर पाणी काढलं,
पांढऱ्या ट्रेत अळ्या वळवळल्या
शाळेतल्या पोराने कुठेही टाकलेल्या स्वल्पविरामांसारख्या.
एकतीस. वहीत लिहिल्या. बाटलीत भरल्या.

ऑफिसच्या मागच्या खोलीत
कुत्र्याच्या बिस्किटाचा चुरा खाऊन त्यांचे डास होतात.
माद्या निवडून पंचवीस-पंचवीसच्या चार नळ्या.
आत औषध लावलेला कागद. एक तास.
मग स्वच्छ नळी, साखरपाण्याचा बोळा,
आणि चोवीस तासांनी मोजणी.

मी नोकरीला लागले त्या वर्षी शंभरात शंभर मेल्या.
मग अठ्ठ्याण्णव. मग उरलेल्या मोजायला वेळ लागू लागला.
परवा मेल्या एकसष्ट.

उकेबाई, यात शिकलं कोण?
मेलेल्यांना शिकायला वेळ नव्हता
आणि उरलेल्यांना शिकायचं कारण नव्हतं.
कागद यायच्या आधीच त्या तशा होत्या.
आईकडून लेकीकडे उतरवून घेताना
कुठेतरी एक अक्षर चुकलं होतं,
माझ्या वहीत घाईत एकाचा नऊ होतो तसं.
असल्या चुका बहुतेक वाया जातात. काही जीव घेतात.
ही एक, नेमकी या कागदापुढे, कामी आली.
औषध नसलेल्या मोहल्ल्यात
हीच मादी कदाचित मागे पडली असती.
ताकदवान म्हणाल तर तेही नव्हे:
वाचलेल्यांत एक एवढीशी, पाय तुटलेली.

आम्ही चाळणी धरली, इतकंच.
चाळणीला हेतू नसतो, भोकं असतात.

पीयूष बोकडे, नवा पोट्टा, डबा खाताना विचारतो,
"मॅडम, माणूस माकडापासून झाला
तर सेमिनरी हिल्सवर इतकी माकडं उरली कशी?"
मी म्हटलं, तुझा उमरेडचा चुलतभाऊ आहे ना,
तो तुझ्यात बदलायचा राहून गेला का?
तुमचा आजा एक. पुढे वाटा दोन.
तो हसला. मग भाकरी हातात धरून
बराच वेळ गप्प बसला.

हे सगळं उकेबाईंना सांगायला
मी शनिवारी मुद्दाम गेले.
त्यांचा निखिल पलंगावर, गुडघे पोटाशी.
सिकलसेल. रात्रीच मेडिकलमधून आणलेला.
"कोणत्या जन्माचं पाप," त्या म्हणाल्या, "सांगा."

नळ्या, कागद, आकडे तिथेच राहिले.
मी म्हटलं, माझ्यातही आहे ती चूक,
एकच प्रत, आईकडून आलेली.
एक असली तर हिवतापात लेकरू तगायचं.
दोन आल्या की रक्ताच्या पेशीचा विळा होतो.
जंगलाकाठच्या कुण्या पणजीची पोरं
दर पावसाळ्यात तापाने फणफणायची
(तो डास वेगळा, कूलरमधला नव्हे),
त्यातली जी उठून बसली, त्यांचे आपण.
तेव्हा निखिलचा विचार कुणी केला नाही,
कारण विचार करणारं तिथे कुणी नव्हतंच.
पाप नाही, बाई. शिक्षाही नाही.

त्या ऐकत होत्या की नाही, कळलं नाही.
निखिलला गरम पाण्याची पिशवी हवी होती.
ती देऊन आल्यावर आम्ही दोघींनी
कूलर आडवा करून पाणी ओतलं.
आतल्या पत्र्यावर अंडी, मिरपुडीसारखी,
सुकूनही महिनोन्महिने टिकणारी.
मी ब्रशने घासत राहिले.
सगळी निघाली नाहीत.