खरारा

वाशीच्या सलूनवाल्यानं बाराशे सांगितले
तेव्हा अण्णा फोनच्या बाजूलाच बसले होते.
'बाराशेत माझी दोन वर्षांची कटिंग होती,' म्हणाले,
'आण इकडं त्याला.'

त्याला म्हणजे टरफलला.
नाव त्यांनीच ठेवलेलं, आणलं त्याच दिवशी, रागात:
वखारीतनं कांद्याचं झाडून काढतात
तसल्या रंगाचं हे काय उचलून आणलंस?
नाव राहिलं.
राग कधी गेला, लक्षात नाही.

आता दर रविवारी कोपरखैरण्याच्या या दीड खोलीत
गॅलरीभर गोणपाट अंथरलं जातं.
मी मागवलेल्या सहाशे एकोणपन्नासच्या ब्रशला
अण्णा खरारा म्हणतात.
बेंदराच्या आदल्या दिवशी ओढ्यात उभ्या बैलाला करायचे, तो.
'मान धर. धरू नको, नुसता हात ठेव.'
हे मला, की स्वतःलाच, कळत नाही.

कानामागं गाठ झालीय, सुपारीएवढी.
कात्री आणते म्हटलं तर नको म्हणाले.
छत्तीस वर्षं पाठीवर गोणी वाहिल्या त्यांनी.
शिवणीला एक टोक असतं,
तेच नेमकं ओढलं की सुतळी सरसर उसवते
आणि गोणी आपणहून तोंड उघडते.
ते टोक शोधत बसतात केसांत,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातांत.
टरफल एकदा गुरगुरतं, मग जांभई देतं.
अर्ध्या तासानं म्हणतात,
'याला टोकच नाय गं.'
आणि खोबरेलात बोट बुडवून
एकेक केस सोडवायला लागतात.

आतून आई, मेथी निवडता निवडता:
'पोरींच्या वेण्या घातल्यात का कधी असं बसून?'
खरारा थांबतो.
पहाटे तीनला ते मार्केटला निघायचे
तेव्हा आम्ही दोघी भिंतीकडं तोंड करून झोपलेल्या.
हे कुणी बोलत नाही.
आई दुसरी जुडी सोडते.

मग बादली, कडुलिंबाचा साबण,
आणि फेस निघायच्या आतच टरफल अंग झाडतं:
आम्ही, मेथी, कॅलेंडरावरचा अख्खा महिना ओला.
खालून शेवाळेकाकू ओरडतात, मोरी तुंबली पुन्हा.
'येतो काढायला,' म्हणतात अण्णा कठड्यावरून,
आणि खरंच जातात, हातात हँगरची तार घेऊन.

नखांचं मात्र वेगळं आहे.
मागे एकदा त्यांच्याकडून खोल कापलं गेलं.
थेंबभर रक्त. त्यांनी चिमूटभर हळद दाबून धरली,
बोटाला आकडा लागला की धरायचे तशीच,
आणि पुढं महिनाभर त्या डब्याला हात लावला नाही.
तेव्हापासून नखं माझ्याकडं.
ते फक्त पंजा उजेडात धरतात,
आतली गुलाबी रेघ दाखवतात:
'हितवर जीव आहे. त्याच्या अलीकडं काप.'

आज चारही पंजे झाले. टरफल सुटून पलंगाखाली.
अण्णा उठेनात.
कंबर धरली का, विचारलं.
नाही म्हणाले. जरा वेळानं पाय पुढं केला.
अंगठ्याचं नख कवडीसारखं पिवळं,
वळून मांसाकडं निघालेलं.
'कधीपासून?'
'वाकवत नाय आता. बूट घातला की कुणाला दिसतंय.'

पाय मांडीवर घेतला. जड होता.
उजेडाकडं फिरवून पाहिला;
या नखातून काहीच दिसत नाही.
जीव कुठवर आहे ते त्यांनाच विचारत
कणाकणानं कापत गेले.
इथं? अजून घे. इथं? हं.
आ म्हणाले नाहीत एकदाही,
गोणपाटाची एक दशी तेवढी मुठीत धरलेली.

मोठा तुकडा उडाला तसं टरफल बाहेर आलं,
हुंगलं, आणि तोंडात धरून पळालं.
'अगं धर, धर त्याला, गिळंल ते!'
अण्णा ओरडत होते,
पाय माझ्या मांडीवरच ठेवून.