ओढून पाहताना

वास्कोतल्या इस्पितळाची गच्ची.
लोखंडी पायांवर पाण्याची टाकी बसवायची,
नकाशात बारा काळे ठिपके: बारा बोल्ट.
समोर मुरगावचं बंदर,
कोळशाची दोन जहाजं कालपासून जागची हललेली नाहीत.

भोकं देवगो फुर्ताद पाडतो.
ड्रिलचा आवाज खालच्या वॉर्डात उतरतो,
नर्सबाई दोनदा वर येऊन गेल्या,
म्हणून काम आता चार ते सहा,
भेटीच्या वेळेत, जेव्हा तसाही गलका असतो.

भोक पाडणं सोपं.
खरं काम नंतरचं.
फुंकर, ब्रश, फुंकर, पुन्हा ब्रश,
आतली पिठासारखी धूळ संपेस्तोवर.
"तिसऱ्यो धुतात तशें, बाय.
रेंव उरली जाल्यार दांतांत कचकचता."
मग इपॉक्सी, आणि बोल्ट
फिरवत फिरवत आत.
एक रात्र कुणी हात लावायचा नाही.

त्याचा बाप खाजनात नांगर धरायचा.
काका तारवटी, जहाजाचा नांगर
वरखाली करण्यात तीस वर्षं गेली.
दोन्हीला आपल्याकडे एकच शब्द.
आणि हा वीतभर तिसरा,
त्याला मात्र आम्ही अँकर म्हणतो,
जणू तो घरातला नव्हेच.

आज जॅक लावून एकेक ओढला.
अठ्ठावीस किलोन्यूटन, काटा स्थिर.
अठ्ठावीस, स्थिर.
सातवा एकोणिसावर सुटला.
आवाज नाही, तडा नाही,
हलणारी दाढ निघावी तसा वर आला,
अंगाला राखाडी पीठ.

त्या दिवशी मी चहाला गेले होते.
वहीत सही माझीच: "सफाई तपासली."

कॉलेजात हे गणित होतं फक्त.
काँक्रीट आधी फुटलं
तर शंकूएवढा लचका घेऊन
एका क्षणात सगळं संपतं.
म्हणून बोल्ट खोल रोवायचा,
कडेपासून दूर,
आणि पोलाद असं निवडायचं
की धरणी हलली तर त्यानं आधी हार मानावी,
ताणावं, लांबावं, वाकडं व्हावं,
पण धरलेलं सोडू नये.
धुळीचं गणित पुस्तकात नव्हतं.

सही खोडली.
वीतभर बाजूला खडूनं नवा ठिपका.
प्लेट कापावी लागेल, कंत्राटदार ओरडेल.

ड्रिल थांबल्यावर देवगोनं
हातपंप माझ्यापुढे धरला.
"आतां तूं फुंक."
गुडघे टेकून मी भोकाशी वाकले.
पहिलीच फुंकर
सगळी चष्म्यावर आली.