डेडस्टॉक, पान एकेचाळीस

अनुक्रमांक सात: विद्युत यंत्र, हातानं फिरवायचं,
काचेच्या दोन तबकड्या, एकीच्या कडेला टवका.
अनुक्रमांक आठ: लायडनच्या बरण्या, नग दोन.
अनुक्रमांक नऊ: सुवर्णपत्र विद्युतदर्शी. पत्रं नाहीत.
(कुणी काढली असतील? नखाखाली
मावेल एवढंसं सोनं.)

शेवटच्या रकान्यात मी लिहायचंय: निरुपयोगी.
मे महिना, त्रेचाळीस अंश, वीज सकाळपासून गेलेली,
आणि मकबूल नदाफ तराजू घेऊन
व्हरांड्यात उकिडवा बसलाय, सोबत त्याचं पोरगं.

इरय्या म्याकल असता तर म्हणाला असता,
"आत्ताच तर शिझन हाय की बाई त्याचा."
पावसाळ्यात ते यंत्र मुकं.
त्याला आपल्याकडचीच हवा लागायची,
उन्हात विसरलेल्या पापडासारखी,
जिच्यात रात्री चादर झटकली
की निळी तडतड उठते आणि विझते.

इरय्या प्रयोगशाळेचा हमाल. त्याआधी वीस वर्षं मागावर.
गिरणीचा भोंगा थांबला, तो शाळेच्या घंटेवर आला.
तबकड्या पुसायला त्याच्याकडे चादरीचा तुकडा होता,
त्यावर अर्धाच मोर.
पुसताना तेलुगूत पुटपुटायचा, आम्हाला मंत्र वाटे.
फार उशिरा कळलं,
पगारातून काय काय कापलं ते मोजायचा.

आठवीत त्यानं आमची साखळी केली.
तेवीस मुली. पहिलीच्या हातात बरणी,
शेवटचीनं पितळी गोळ्याला बोट लावायचं.
मध्ये कुठेतरी एकीनं
बोटांना रुमाल गुंडाळला,
कारण पलीकडचा हात निर्मला कसबेचा होता.

काहीच झालं नाही.
इरय्या ओळीवरून हळूहळू चालत आला, थांबला.
"कोरड्या कापडातनं जात नसतंय ते.
कापड मला शिकवू नका बे."
रुमाल काढून घेतला,
त्यानंच तबकडी पुसली,
पुन्हा मूठ फिरवली.

मग आलं. कोपरात आलं,
सगळ्यांच्या, एकदमच.
पहिलीला जास्त नाही, शेवटचीला कमी नाही.
निर्मला हसत होती, हात सोडायचा विसरून.

रुमाल माझा होता.
पस्तीस वर्षं हा प्रयोग शिकवला
आणि दरवर्षी सांगितलं, "एकीनं."

"चालू हाय का?" मकबूल विचारतो.
मी पदरानं काच पुसते. मूठ जड जाते, मग जात नाही.
आधी वास येतो, तापल्या तारेसारखा, तिखट.
मग दोन गोळ्यांमध्ये
टच्च.
पोरगं मागं सरकतं, लगेच पुढं येतं.
मकबूल म्हणतो, त्याचे अब्बा कापूस पिंजायचे,
उन्हाळ्यात दाढीभर चिकटायचा, फुंकून जायचा नाही.
म्हणजे हेच का ते?
हेच ते.

आम्ही तिघं हात धरतो.
त्याचा तळवा गंजानं खरखरीत, पोराचा घामट,
माझा नुसता.
बसतो झटका. पोरगं शिवी देतं, बाप दटावतो,
आणि मग तरीही वजन होतं.
पितळ तीन किलो चारशे. लोखंड वेगळं. काच फुकट.
मी सही करते. "निरुपयोगी"वर शाई जरा फुटते.

एक गोष्ट सांगायची राहिली त्याला.
इरय्या बरणीला नेहमी दोनदा तार लावायचा.
एकदा रिकामी केली तरी
काचेत थोडं मुरलेलं राहतं,
ते सावकाश वर येतं.

दिवेलागणीला फोन वाजला, विजापूर वेशीवरून.
मागे टेम्पोचा हॉर्न, कुणीतरी पोट धरून हसतंय.
"बाई," मकबूल म्हणाला,
"पोरानं बरणी उचलली.
त्यात अजून हाय."