आकडा

तापकीर गल्लीच्या पाच फेऱ्या झाल्या,
आणि जुन्या बाजाराची एक, रॅकसाठी.
आधी तो कुणाच्यातरी वह्या-पेनांच्या दुकानात होता,
मधल्या फळीवर अजून पट्टी: 'उधार मागू नये'.
शार्दूलनं ती काढली नाही. मीही नाही.

ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन कुंदानं
कुरकुरत न्हाणीघरात नेलं,
आणि तिथे सहा कार्डं ओळीनं बसली,
बंद पडलेल्या कुठल्याशा गेमिंग कॅफेतली,
पंख्यांच्या पात्यांना दुसऱ्यांच्या सिगरेटींचा वास.
शार्दूल ब्रशनं एकेक पातं पुसत होता,
बारशाच्या दिवशी मुलाचे कान पुसावेत तसा.

अर्थिंग तेवढं माझ्या हातचं.
खड्डा, मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी.
वायरही माझ्या पसंतीची, चार एमएमची;
पोरगा म्हणाला, एवढी जाड कशाला?
म्हटलं, तू आत काय पळवतोस ते मला कळत नाही,
वायरीतून काय पळतं ते कळतं.

चौतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून
मी आकडे वाचले.
आणि कात्रजच्या अंगाला, डोंगराकडच्या वस्तीत,
बांबूला कोयता बांधून
तारांवरचे आकडे ओढून काढले.
एक बाई हातात पिठाचा गोळा घेऊन बाहेर आली,
म्हणाली, पोरगी आता कशात वाचणार?
मी पंचनामा लिहीत होतो.
'आकडा' हा शब्द त्यात सात वेळा आला.

धाकट्या काकांचा आकडा निराळा.
ते स्वप्नातल्या म्हशींची शिंगं मोजून लावायचे.
एकदा लागला.
त्या एकदापायी गुलटेकडीची खोली गेली.

"हे खणतं म्हणजे करतं काय रे?"
"अंदाज, बाबा. एक आकडा धरतं, चुकतो,
टाकतं, दुसरा धरतं. सेकंदाला कोट्यवधी."
"आणि बरोबर आला तर?"
"जगात कुणाचातरी येतोच. आपण वाटेकरी."
"म्हणजे मटका."
"गणित आहे हो!"
काकाही हेच म्हणायचे. मी बोललो नाही.

मग घरात घुंई सुरू झाली.
खालचे ढमढेरे म्हणाले, इमारतीला भुंगा लागलाय.
कुंदा टीव्हीचा आवाज एक-एक घर वाढवत गेली.
रात्री मी खाली उतरून मीटर बघायचो:
लाल ठिपका पूर्वी डोळे मिचकावायचा,
आता कावीळ झाल्यासारखा फडफडतोय.
मला त्याचे युनिट करता येतात. युनिटचे रुपये होतात.
रुपयांचं पुढे काय होतं, ते शार्दूल मोबाइलवर बघतो
आणि जेवताना मोबाइल पालथा ठेवतो.

भरारी पथक आलं.
कुणी कळवलं, ते सोसायटीत विचारायचं नसतं.
तरणा इंजिनिअर, चिमटा लावून बघितला.
सील शाबूत. वाढीव भाराची पोच
मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच उभा होतो.
"भालेकर, तुम्ही आपल्यातलेच ना?"
"होतो," म्हटलं. जिन्यात
कोयता न बांधलेला एक बांबू उगाच उभा होता.

गुरुवारी दहाला लाइट जाते.
पावणेदहालाच मी एमसीबी खाली केली.
पंखे एकेक करून थांबले, शेवटचा जरा हट्टानं.
आणि मग ऐकू आलं:
कुंदाच्या बांगड्या. कढीपत्त्याची चरचर.
आतल्या खोलीत शार्दूल घोरत होता,
आठ दिवसांत पहिल्यांदा, तोंड उघडं टाकून,
चौथीत असताना झोपायचा तसा.

पाच दहाला लाइट आली. फ्रिज हुंकारला.
मी बाल्कनीत, बोट एमसीबीवर.
एक खटका. तिकडे जगात
सगळ्यांचे अंदाज चालू असणार.
कुंदानं विचारलं, चहा टाकू?
म्हटलं, टाक. आणि बोट काढलं.
अर्धा तास.
कुणाचातरी येईलच.